पावसाळ्यात जखमेच्या पट्टीसाठी इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च व्होल्टेजने पॉलिमरच्या द्रावणातून अतिबारीक धागे काढणं) सुरू करतोयस तर
अरे, पहिल्याच दिवशी चांदीचे नॅनोकण आणि अँटिबायोटिक घालायची घाई नको, आधी साधं पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विघटन होणारं पॉलिमर) नीट निघू दे. आपल्या ऐरोलीत जुलैमध्ये हवा इतकी दमट की चेंबरला डिह्युमिडिफायर नसेल तर फायबरवर बारीक खड्डे पडतात, पीव्हीए (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) तर ओलंच जाऊन बसतं. धाग्यावर मण्यांसारखे गोळे दिसले की सगळे व्होल्टेज वाढवत बसतात, पण बहुतेकदा सोल्युशनच पातळ असतं बाबा, पॉलिमर वाढव. पीसीएलवर पेशी धड चिकटत नाहीत, प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) देऊन वर जिलेटिन चढव. औषध नुसतं मिसळलंस तर बरंचसं सुरुवातीलाच सुटून जातं, जखमेला हवं हळूहळू, त्यासाठी कोॲक्सियल सुई (एकात एक दोन नळ्या, औषध धाग्याच्या गाभ्यात राहतं) बघ. आणि १५ किलोव्होल्ट आहे ते, बंद केल्यावरही अर्थिंग केल्याशिवाय सुईला हात लावू नकोस.