बेंबी सरकते म्हणजे नक्की काय सरकतं?

प्रश्न : मी निपाणीजवळच्या खेड्यातली, पीयूसी सेकंड इयर सायन्सला आहे. परवा आईनं पाण्याची घागर उचलली आणि पोटात कळ आली, तर आजी म्हणाली बेंबी सरकलीय. शेजारच्या मावशींनी बेंबीवर अंगठा दाबून सांगितलं की ठोका वर गेलाय, मग पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घातला, आणि तासाभरात आईला खरंच बरं वाटलं. बायोलॉजीच्या पुस्तकात तर असलं काहीच नाही, मग खरं काय ओ?

उत्तर : मावशींच्या अंगठ्याला लागलेला ठोका खराच आहे, फक्त तो बेंबीचा नव्हे. पाठीच्या कण्याला लागून, जरा डावीकडं, हृदयातून खाली येणारी सगळ्यात मोठी धमनी असते, एओर्टा, जाडीला साधारण 2 सेंटिमीटर. ती बेंबीच्या आसपासच, कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी फुटते आणि तिच्या दोन फांद्या दोन्ही पायांकडं जातात. बारीक माणूस उताणा झोपला की ती हाताला लागतेच, आणि लागणार ती बेंबीच्या वरच, कारण खाली ती एकसंध उरतच नाही! म्हणून ‘ठोका वर गेलाय’ हे निदान कुणाच्याही पोटावर बरोबर ठरतं, दुखत असो वा नसो.

बेंबी म्हणजे नाळेचा व्रण. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, जन्मानंतर त्या बंद पडतात आणि त्यांचे नुसते बंध उरतात, शिरेचा वर लिव्हरकडं, धमन्यांचे खाली ओटीपोटाकडं. आतडं काही बेंबीला बांधलेलं नसतं, मग ती सरकणार कुठं आणि त्यानं पोट दुखणार कसं?

बरं का वाटलं म्हणशील तर घागर उचलताना पोटाचा स्नायू ताणला असेल किंवा आतड्यात मुरडा आला असेल, दोन्ही थोडं पडून राहिलं की बहुतेक वेळा ओसरतात. तांब्यातली हवा गार झाली की आत दाब कमी होतो आणि कातडी वर ओढली जाते, त्याचा जोर तेवढाच, कातडी आणि चरबीपुरता. शिवाय आपल्याकडं बाईला भर दिवसा तासभर आडवं पडायला मिळतं ते बेंबी सरकली तरच, माझ्या मते निम्मा गुण त्याचाच.

पण एका बाबतीत मी मावशींशी भांडणार. अपेंडिक्स सुजलं की दुखणं आधी बेंबीभोवतीच सुरू होतं, कारण तिथल्या कातडीच्या आणि अपेंडिक्सच्या नसा मज्जारज्जूच्या जवळपास एकाच भागात पोचतात आणि मेंदूची गल्लत होते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या पडद्याला लागली की दुखणं उजवीकडं खाली उतरतं. या काळात पोट चोळलं, एरंडेल पाजलं तर अपेंडिक्स फुटायची भीती असते. दुखणं उजवीकडं सरकायलंय, उलटी किंवा ताप आहे, पोट कडक झालंय, तर तांब्या राहू दे बाजूला, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. खोकताना बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर हर्नियासाठी दाखवायचं. आणि वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात रुंद, ठोके देणारी गाठ लागली तर ती अजिबात दाबायची नाही, एओर्टा फुगलेली असू शकते, सोनोग्राफीत कळतं.

प्रश्न : खानापूरच्या कॅम्पात रक्त दिलं, आता घरचे म्हणायलेत अंगातलं रक्त कमी झालं. भरून यायला किती दिवस?

उत्तर : अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, घेतात 350 किंवा 450 मिली. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरतं, तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी 3 आणि बायकांनी 4 महिन्यांनी परत द्यायचं असा नियम आहे. पाणी भरपूर प्या, आणि पालेभाजी, नाचणी, गूळ खात राहा.