गोठा, कत्तलखाना, शीतगृह: तिन्ही एकदम नको

प्रश्न थोडक्यात असा: 200 शेळ्यांचा गोठा, शेजारीच रोज 20 जनावरं कापता येतील एवढा कत्तलखाना, शीतगृह आणि पुढेमागे आखाती देशांत निर्यात. भांडवलाचे 100 भाग धरले तर 60 तुमची बचत, 40 कर्ज. त्यातले 45 कत्तलखाना-शीतगृहात, 25 गोठ्यात, 25 जनावरांत आणि उरलेले 5 खेळतं भांडवल. पैसे घालावेत का?

या आकारात घालू नका. गोठ्याला हरकत नाही. काळजी त्या 45 भागांची आहे, आणि शेवटच्या 5 भागांची त्याहून जास्त.

आधी जनावरं मोजू. 200 पैकी 85 टक्के शेळ्या गाभण राहिल्या तर 170. दोन वर्षांत तीन वेतं आणि वेताला सरासरी 1.6 करडं धरली तर वर्षाला साधारण 408. मर 15 टक्के धरू. नवख्याच्या गोठ्यात ती याहून जास्तच असते. उरली 347. कळप टिकवायला त्यातल्या 40 माद्या ठेवाव्या लागतील. विक्रीला 307, अधिक 30-35 भाकड शेळ्या, म्हणजे सुमारे 340. तुमचा कत्तलखाना एवढी जनावरं 17 दिवसांत संपवतो! नंतर कॉम्प्रेसरचं वीजबिल, पगार, घसारा आणि हप्ता चालूच. 300 दिवस काम हवं असेल तर 6,000 जनावरं लागतील, म्हणजे तुमच्या गोठ्यासारखे सतराअठरा गोठे. एकात्मिक उद्योगाचा खरा प्रश्न इथे आहे: सगळं आपल्या मालकीचं असण्याला महत्त्व नाही, जनावरांचा पुरवठा रोज येण्याला आहे.

आता ते 5 भाग. 30 किलोच्या शेळीला वजनाच्या 4 टक्के, म्हणजे दिवसाला 1.2 किलो कोरडं खाद्य लागतं. 200 शेळ्यांना 240 किलो, वर्षाला सुमारे 88 टन, करडं वेगळीच. गाभणकाळ पाच महिन्यांचा, करडू 25 किलोचं व्हायला आणखी नऊदहा महिने. पहिली कमाई पंधराव्या महिन्याच्या आसपास. तोवर पैसा नुसता जातो, आणि चालू खर्चात खाद्यच 60-70 टक्के असतं. पैसे आटले की माणूस आधी पेंड कमी करतो. मग शेळ्या खंगतात, वेळेवर माजावर येत नाहीत, दूध कमी पडून करडं दगावतात आणि फटका पुढच्या वर्षीच्या विक्रीत दिसतो. तेव्हा खाद्य, मजुरी, औषधं आणि हप्ते मिळून 16 महिन्यांची रक्कम आधी बाजूला काढा. हप्ते सुरू होण्याआधीची सवलत सहा महिन्यांची मिळत असेल तर ती पुरणार नाही. 18 महिने मागा.

सुरुवात 50 शेळ्या आणि 2-3 बोकडांनी करा. विकत आणलेली जनावरं 21 ते 30 दिवस वेगळी ठेवा. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची लस द्या. आंत्रविषाराच्या (आतड्यांत जिवाणूंचं विष तयार होऊन होणारा आजार) लशीचे पहिल्या वेळी दोन डोस, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने. जनावरांची कत्तल आधीच परवाना असलेल्या कत्तलखान्यात, दर जनावरामागे शुल्क देऊन. दरम्यान आसपासच्या पशुपालकांशी लेखी करार करा: जिवंत वजनावर भाव, वजनकाटा दोघांसमोर, पैसे सात दिवसांत. उशीर झाला की जनावर दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातं, करार काहीही म्हणो. सलग 12 महिने रोज निदान 12 जनावरं, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या क्षमतेच्या 60 टक्के, मिळाली तरच स्वतःच्या कत्तलखान्याचा विचार. तोपर्यंत तुमचे 30-35 भाग वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवींत राहू द्या आणि कर्ज गोठ्यापुरतंच घ्या. घर तारण ठेवू नका.

या वर्षभरात नफा कुठे गळतो तेही कळेल. 25 किलोच्या बोकडाचं सोललेलं धड साधारण 12 किलो भरतं, थंड करताना त्यातलेही 2-3 टक्के पाणी उडतं. धड 7 अंशांपर्यंत उतरवायचं असतं, पण घाई नडते: कापल्यापासून दहा तासांच्या आतच ते 10 अंशांखाली गेलं तर स्नायू आखडतात आणि मटण चिवट होतं. शेळीच्या धडावर चरबी कमी, त्यामुळे ते पटकन गार होतं आणि हा धोका जास्त. कातड्याला काही तासांत मीठ लागलं पाहिजे, त्याच्या वजनाच्या 40-50 टक्के, मांसाच्या बाजूने, घडीच्या कोपऱ्यांतही. सोलताना सुरी आत लागली की भाव पडतो. रक्त गटारात सोडलं तर सांडपाणी प्रक्रियेचा खर्चच डोईजड होईल. ते वेगळं गोळा करा आणि पोटातल्या चाऱ्याचं लेंड्यांबरोबर खत करा.

निर्यातीचं उत्पन्न हिशेबात शून्य धरा. 2000 मध्ये रिफ्ट व्हॅली फिव्हर या डासांमार्फत पसरणाऱ्या जनावरांच्या रोगामुळे सौदी अरेबियाने आफ्रिकेच्या शिंगाकडून, म्हणजे सोमालिया आणि आसपासच्या देशांतून, येणाऱ्या जनावरांवर बंदी घातली. सोमालियासाठी ती 2009 मध्ये उठली. नऊ वर्षं हप्ता थांबत नाही.

विमा मात्र पहिल्या दिवसापासून घ्या आणि जनावराच्या कानातला ओळखीचा बिल्ला गळला तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. बिल्ला नसलेल्या मेलेल्या शेळीचा दावा बहुतेक वेळा फेटाळला जातो.