जीडीसीसाठी आपत्कालीन निधी मोडावा का?

प्रश्न: मी फ्रीलान्स लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे व्हिडिओ गेममधले टप्पे (लेव्हल) आखणं हे माझं काम. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला (जीडीसी) जाऊन यायला त्यातले अडीच महिन्यांचे पैसे लागतील. एका प्राध्यापक मित्राबरोबर डिग्रा या गेम-संशोधकांच्या संघटनेच्या परिषदेलाही शोधनिबंध पाठवलाय, निकाल यायचा आहे. निधी मोडू का?

उत्तर: जीडीसीसाठी मोडू नका.

पास, विमान, हॉटेल, व्हिसा एवढं तुम्ही धरलंत. पण फ्रीलान्सरला भरपगारी रजा नसते. प्रवास आणि परतल्यावरचा थकवा धरून दहाएक दिवसांची कमाई बुडेल, ती यात कुठेच दिसत नाही. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळंच. अडीचाचे तीन महिने झाले, म्हणजे निम्मा निधी संपला. एखाद्या क्लायंटने बिल थकवलं तर उरलेला निम्मा किती पुरेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बरं, एवढ्या पैशांत मिळणार काय? व्याख्यानं म्हणाल, तर त्यांतली बरीचशी नंतर जीडीसी व्हॉल्ट या परिषदेच्या ऑनलाइन संग्रहात आणि यूट्यूबवर फुकट बघता येतात. तिथे जायचं ते माणसांना भेटायला. 1988 मध्ये ख्रिस क्रॉफर्ड यांच्या दिवाणखान्यात ही परिषद सुरू झाली, तीही गप्पांसाठीच! म्हणून आधी आठ-दहा स्टुडिओंना तुमची खेळता येणारी लेव्हल पाठवा आणि भेटीची वेळ मागा. तिघा-चौघांनी वेळ दिली, तर पुढच्या वर्षासाठी वेगळी बचत सुरू करा. 'गेल्यावर बघू कोण भेटतं' यावर मी एक पैसाही लावणार नाही.

डिग्राचं गणित निराळं आहे. निबंध स्वीकारला गेला, तर तुमच्याच विषयात रस असलेली माणसं समोर बसलेली असतील. ओळख काढत हिंडावं लागणार नाही. शिवाय डिग्राचं डिजिटल ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे, क्लायंटला दुवा पाठवता येतो. मात्र अशा परिषदांत निदान एका लेखकाने नोंदणी करावी लागते. ते शुल्क मित्राचं विद्यापीठ भरेल का, हे आजच विचारा. प्राध्यापक मंडळींना हे विचारायची सवय असते, संकोच आपल्यालाच होतो. तेवढं जमलं, तर निधीतून फार तर एक महिन्याची रक्कम काढा आणि पुढच्या दोन-तीन बिलांतून ती आधी भरून टाका.

व्हिसा लागणार असेल, तर तो हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.