वाचकांचे प्रश्न : पाम स्प्रिंग्जचा जानेवारी आणि पाम स्प्रिंग्जचा जून

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच गावाविषयी आहेत. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील पाम स्प्रिंग्ज हे ते गाव. तिन्ही पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा लॉस एंजेलिसजवळ राहतो आणि येत्या जानेवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. तेथून मोटारीने दोन-अडीच तासांवर पाम स्प्रिंग्ज येथे चित्रपट महोत्सव भरतो, असे तो सांगतो. मी त्याची छायाचित्रे पाहिली, तर सगळी तारेतारकांचीच. आमच्यासारख्या साध्या प्रेक्षकाला तेथे प्रवेश असतो का? आणि मुळात वाळवंटात चित्रपट महोत्सव भरवण्याचे कारण काय?
— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण पाहिलेली छायाचित्रे एका संध्याकाळची आहेत. महोत्सवाच्या सुरुवातीला तेथील कन्व्हेन्शन सेंटरमध्ये पारितोषिकांचा एक भव्य सोहळा होतो, नामवंत अभिनेते त्यासाठी येतात आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत जे छापून येते ते तेवढेच. त्या सोहळ्याची तिकिटे महाग असतात आणि ती मिळवण्याचा खटाटोप आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरा महोत्सव त्यापुढचे दिवस गावातील आणि आसपासच्या चित्रपटगृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. त्याचे तिकीट कोणालाही काढता येते. एखाद्या खेळाची तिकिटे संपली असली, तरी रिकाम्या राहणाऱ्या जागांसाठी वेगळी रांग असते आणि थोडा वेळ उभे राहण्याची तयारी असलेल्याला बहुधा आत जायला मिळते.

वाळवंट का, याचे उत्तर त्या जागेतच आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे १७० किलोमीटरवर, कोचेला खोऱ्यात हे गाव वसले आहे. त्याच्या पश्चिमेला ३,३०० मीटर उंचीचा सॅन जॅसिंटो पर्वत उभा आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ढग तो अडवतो आणि म्हणून पलीकडे वर्षाला जेमतेम १२-१३ सेंटीमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसात तेवढा कोसळतो. मात्र जमिनीखालून गरम पाण्याचे झरे वर येतात. आपल्या ठाणेकरांना वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे परिचयाची आहेत, तेव्हा अशा पाण्याभोवती वस्ती कशी धरते हे वेगळे सांगायला नको. तेथील मूळ रहिवासी कवीया लोक या झऱ्यांना पवित्र मानत आले आणि त्यांच्या आजच्या समूहाचे ‘आग्वा कॅलिएन्ते’ हे स्पॅनिश नावही ‘गरम पाणी’ याच अर्थाचे आहे. पुढे विसाव्या शतकात हॉलिवुडची मंडळी हिवाळ्यातल्या उन्हासाठी येथे येऊ लागली, कारण स्टुडिओपासून हे गाव फार दूर नव्हते. जानेवारीत येथे दिवसा २० ते २१ अंश तापमान असते, म्हणजे डिसेंबरातल्या महाबळेश्वरासारखी हवा. उत्तरेकडच्या थंड राज्यांतून आणि कॅनडातून निवृत्त माणसे दोन-तीन महिन्यांसाठी येथे मुक्कामाला येतात.

गायक आणि अभिनेता म्हणून नाव मिळवलेले सॉनी बोनो १९८८ ते १९९२ या काळात या गावाचे महापौर होते. पर्यटन वाढावे यासाठी त्यांनी महोत्सवाची कल्पना मांडली आणि पहिला महोत्सव जानेवारी १९९० मध्ये झाला. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की महोत्सवाला प्रेक्षक बाहेरून गोळा करावा लागला नाही. मंगळवारी सकाळी दहा वाजता एखाद्या अनोळखी देशाचा चित्रपट पाहायला ज्याच्याजवळ वेळही आहे आणि उत्सुकताही आहे, असा प्रेक्षक त्या ऋतूत त्या गावात आधीच होता.

मी एका जानेवारीत तेथे चार दिवस काढले आहेत. डोळ्यांपुढे अजून आहे ती दुपारच्या खेळाची रांग. तीन वाजून गेले होते आणि सूर्य पर्वताच्या माथ्यामागे उतरू लागल्याबरोबर सबंध रस्त्यावर एकदम सावली आली. आकाश निळे स्वच्छ, समोरच्या टेकड्यांवर ऊन, आणि रांगेत मात्र सगळ्यांनी स्वेटर अंगात चढवायला घेतले. माझ्यापुढे ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. त्यांच्या हातातल्या छापील वेळापत्रकावर पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा होत्या : पाहिलेला, पाहायचा, आणि ज्याबद्दल रांगेत कोणी चांगले बोलले तो. तिसऱ्या खुणेचे चित्रपट आपण शक्यतो चुकवत नाही, असे त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी पाहिलेल्या एका चित्रपटाबद्दल त्यांनी मला इतक्या तळमळीने सांगितले, की मी माझा संध्याकाळचा बेत बदलला. आपणही रांगेत बोलत्या राहा, असे मी आवर्जून सुचवेन.

कोणते चित्रपट पाहावेत, याबद्दलही थोडे सांगतो. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवू शकतो. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते आणि ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) व ‘कोर्ट’ (२०१५) हे मराठी चित्रपट त्या त्या वर्षी भारताकडून गेले होते. देशोदेशींच्या अशा प्रवेशिकांपैकी पुष्कळ चित्रपट पाम स्प्रिंग्जला एका ठिकाणी पाहायला मिळतात, हे या महोत्सवाचे मोठे वैशिष्ट्य आहे. डिसेंबरात पंधरा चित्रपटांची यादी जाहीर होते आणि नामांकने जानेवारीत ठरतात. महोत्सव नेमका त्या मधल्या दिवसांत येतो, आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे अनेक सदस्य लॉस एंजेलिस परिसरात राहत असल्यामुळे लहान लहान देशांचे दिग्दर्शकही आपला चित्रपट घेऊन या वाळवंटात दाखल होतात. शिवाय आंतरराष्ट्रीय समीक्षकांच्या ‘फिप्रेसी’ या संघटनेचे परीक्षक याच चित्रपटांतून पारितोषिके देतात. जे चित्रपट पुढे ठाण्याच्या मल्टिप्लेक्सला लागण्याची शक्यता आहे, ते तेथे पाहण्यात वेळ घालवू नका. ज्या देशाचा एकही चित्रपट आपण आजवर पाहिलेला नाही, त्या देशापासून सुरुवात करा.

दोन खेळांमध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवा, कारण चित्रपटगृहे एका आवारात नाहीत आणि मोटारीशिवाय फिरणे अवघड जाते. रात्री पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे ‘वाळवंट’ या शब्दावर विसंबून गरम कपडे घरी ठेवू नयेत.

प्रश्न : मी आणि माझ्या मित्रांनी मिळून २२ मिनिटांचा लघुपट केला आहे. तो खाडीकाठच्या एका कोळी-आगरी कुटुंबाविषयी आहे आणि संवाद बहुतांशी आगरी बोलीत आहेत. पाम स्प्रिंग्जच्या महोत्सवात निवड झाली की लघुपट ऑस्करसाठी पात्र होतो, असे एकाने सांगितले. हे खरे आहे का? आम्ही प्रवेशिका पाठवावी का?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपल्या मित्राच्या सांगण्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी ती दूर व्हायला हवी. जानेवारीचा महोत्सव मुख्यतः पूर्ण लांबीच्या चित्रपटांचा आहे. लघुपटांसाठी त्याच संस्थेचा ‘शॉर्टफेस्ट’ हा स्वतंत्र महोत्सव १९९५ पासून चालतो आणि तो जूनमध्ये भरतो. आपल्याला विचार करायचा आहे तो त्याचा.

दुसरी गोष्ट पात्रतेची. शॉर्टफेस्टमध्ये नुसती निवड झाल्याने लघुपट ऑस्करसाठी पात्र होत नाही. तेथील ठरावीक पारितोषिकांपैकी एखादे मिळाले, तरच तो अकादमीकडे विचारार्थ पाठवण्यास पात्र ठरतो, आणि त्यानंतरही तो रीतसर पाठवावा लागतो, इतर पात्र लघुपटांबरोबर त्याचा विचार होतो. श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतच्या कृतीला अकादमी लघुपट मानते, तेव्हा २२ मिनिटांची अडचण नाही. मात्र शॉर्टफेस्टकडे प्रवेशिका हजारोंनी येतात आणि त्यांतून ३०० च्या आसपास लघुपट दाखवले जातात, हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवून निर्णय घ्या.

असे असले तरी मी पाठवा असेच म्हणेन, आणि त्याचे कारण ऑस्कर नाही. हा महोत्सव फक्त लघुपटांचा आहे, ही त्याची खरी किंमत. मोठ्या महोत्सवांत लघुपट मुख्य चित्रपटांच्या सावलीत राहतो. येथे संपूर्ण आठवडा जो तो लघुपटांसाठीच आलेला असतो. विद्यार्थ्यांच्या कामालाही तेथे स्थान आहे. दिग्दर्शकांसाठी चर्चा आणि गाठीभेटी ठेवलेल्या असतात, आणि खरेदीदारांना व इतर महोत्सवांच्या निवडकर्त्यांना लघुपट पाहता यावेत अशी व्यवस्थाही या महोत्सवाने उभी केली आहे. आपल्याकडे लघुपट केला की तो मित्रमंडळींना दाखवायचा आणि यूट्यूबवर टाकून मोकळे व्हायचे, अशी रीत पडून गेली आहे. तरुण मुलांची वर्ष-वर्षाची मेहनत अशी दोन दिवसांत विरून जाताना पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. म्हणून एक विनंती : पुढील वर्षभर तरी हा लघुपट इंटरनेटवर सार्वजनिक करू नका, कारण अनेक महोत्सवांना तसे चालत नाही.

सर्वांत जास्त लक्ष इंग्रजी सबटायटलवर द्या. निवड करणारा माणूस आपले संवाद तेथूनच वाचणार आहे, आणि आगरी बोलीचा ताल प्रमाण मराठीच्या आधारे इंग्रजीत नेणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही. एका लघुपटात म्हातारा दाराशी उभा राहून आत हाक मारतो, ‘भरती लागली!’ आणि पडद्याच्या तळाशी नोकरभरती सुरू झाल्याचे वाक्य उमटते, हे मी परीक्षक म्हणून बसलेलो असताना प्रत्यक्ष पाहिले आहे. पाणी घरात शिरण्याचा तो प्रसंग होता. माझ्या शेजारी बसलेल्या अमराठी परीक्षकाला पुढची पाच मिनिटे काहीच उलगडले नाही, आणि दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, एकेक संवाद थांबवून त्यांच्याकडून अर्थ घ्या, आणि मग चांगले इंग्रजी लिहिणाऱ्याकडे सोपवा. या कामाला दोन रविवार गेले तरी चालतील.

निवड झाली आणि स्वतः जायचे ठरले, तर उन्हाची तयारी मात्र ठेवावी लागेल. जूनमध्ये पाम स्प्रिंग्जचा पारा दुपारी ४० अंशांच्या वर जातो. ५ जुलै २०२४ रोजी तर तेथे ५१.१ अंश सेल्सिअस अशी विक्रमी नोंद झाली. त्या दिवसांत हिवाळी पाहुण्यांनी गाव सोडलेले असते, आणि दुपारभर थंडगार चित्रपटगृहात बसण्यासारखे दुसरे सुख नसते.

प्रश्न : पाम स्प्रिंग्जची लोकसंख्या जेमतेम ४५ हजार आहे असे वाचले. नवी मुंबईची २०११ च्या जनगणनेतच ११ लाखांहून अधिक होती. मग आपल्याकडे असा महोत्सव का होत नाही?
— खारघर

उत्तर : लोकसंख्येवरून महोत्सवाचा हिशेब मांडता येत नाही. नियमाने येणारे पाच-सहाशे प्रेक्षक आधी असावे लागतात आणि ते तयार करण्याचे काम फिल्म सोसायट्यांनी केले आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करत आहे. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून भरतो, त्याच्या पाठीशीही त्या शहरातील चित्रपट पाहण्याची जुनी सवय आहे. खारघर-नेरूळ भागात निवृत्त, सुशिक्षित आणि सकाळी मोकळी असणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत. पाम स्प्रिंग्जला जो प्रेक्षक हिवाळ्यापुरता मिळतो, तो आपल्याकडे बारा महिने आहे आणि त्याला बोलावणारे कोणी नाही, याची मला फार खंत वाटते.

आपल्या सोसायटीच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात महिन्यातून एक चित्रपट, रीतसर परवानगी घेऊन आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवून, दाखवायला सुरुवात करता येईल. वार आणि वेळ मात्र एकदा ठरली की बदलू नका. तोवर पुण्याचा महोत्सव आपल्याला जवळचा आहे. तोही साधारणपणे जानेवारीतच असतो, पनवेलहून बसने अडीच-तीन तासांत पोहोचता येते, आणि नोंदणी सुरू झाल्याची सूचना वर्तमानपत्रांत येते.