सांगलीच्या नदीकाठी सार्वजनिक कलाकृती करून घ्यायच्या झाल्यास सुरुवात कुठून करावी?

सुरुवात कलाकारापासून न करता पूररेषेपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. त्यामुळे काठावर उभे राहणारे काम काही दिवस पाण्याखाली राहील, त्यावर गाळ बसेल आणि वाहत आलेले ओंडके आदळतील, हे गृहीत धरूनच साहित्य व पाया ठरवावा लागतो. काळा बसाल्ट किंवा कांस्य येथे टिकते. फायबर आणि विजेची रोषणाई यांचा मोह टाळलेला बरा.

निवड मात्र सर्वांत कमी दराच्या निविदेने करू नये. आधीची कामे पाहून तीन-चार कलाकार निवडावेत, त्यांना मानधन देऊन आराखडे मागवावेत आणि ते घाटावर रोज येणाऱ्या लोकांसमोर ठेवावेत. विषयांची येथे वाण नाही: १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच मराठी नाटकाचा पाया घातला, तर शेजारच्या मिरजेत आजही सतारी घडतात. (पुतळाच हवा असेल, तर शासकीय परवानग्यांचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे.)

करारात दरवर्षी पूर ओसरल्यानंतरच्या स्वच्छतेचा खर्च कोण करणार, हे लिहून घ्यावे. तसेच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कलाकाराला कृतीच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते, म्हणून ती हलवण्याची वेळ आल्यास काय करायचे, तेही त्यातच नमूद असावे.