बुद्धिबळात पोझिशनल खेळ (थेट हल्ल्याऐवजी मोहऱ्यांच्या जागा सुधारत खेळणं) शिकायला कोणता जुना डाव अभ्यासावा?

एकच निवडायचा तर तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका (पांढरी मोहरी) विरुद्ध ग्रँडमास्टर टार्टाकॉवर (काळी), न्यूयॉर्क 1924. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि प्यादी उरतात. 35व्या खेळीला पांढरा राजा जी3 वर (जी स्तंभातलं तिसरं घर) जातो आणि कापाब्लांका दोन प्यादी, तीही शहासह, खुशाल मारू देतो! त्याचा हत्ती सातव्या रांगेत बसलाय, राजाला फक्त एफ6 गाठायचंय. वाटेतलं एफ5 वरचं काळं प्यादं तो मारत नाही, कारण तेच पुढे त्याच्या राजाला शहापासून आडोसा देतं. मला तर हीच जागा सगळ्यात आवडते.

34व्या खेळीनंतर पुढचं झाकून स्वतः खेळी शोधा, कारणासकट वहीत लिहा. इंजिन (खेळी तपासणारा संगणक प्रोग्राम) अगदी शेवटी. ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळी) पाठ करत बसू नका.