बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबून वाजवायचे कॉर्ड) येतात, पेंटॅटॉनिक (पाच स्वरांचा स्केल) येतो, पण गिटार पुढे सरकत नाही. नेमकं काय तपासावं?

आधी मोबाइलवर स्वतःचं एक अख्खं गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना लक्ष बोटांवर असतं, त्यामुळे लय कुठे ढळते हे तेव्हा कळतच नाही. माझ्या मते या टप्प्यावर बहुतेकांचं अडतं ते लयीत, वेगात नाही.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, पण त्याचे ठोके पहिली मात्रा न धरता दर चार मात्रांमधली दुसरी आणि चौथी धरा. म्हणजे तुमची खरी लय १२० झाली. आता जी–सी–डी या कॉर्डची साधी चाल चार मिनिटं वाजवा. पहिली मात्रा तुम्हालाच सांभाळायची असल्यामुळे कॉर्ड बदलताना होणारी घाई लगेच उघडी पडते. हा सराव कंटाळवाणा वाटतो, तरी सोडू नका, खरंच.

बेंडिंग, म्हणजे तार ओढून स्वर चढवणं, हेही तपासा. दुसऱ्या तारेवर आठवा फ्रेट (गिटारच्या मानेवरचा पट्ट्यांनी आखलेला खण) दाबून तार वर ओढली की दहाव्या फ्रेटचा स्वर मिळायला हवा. आधी दहावा फ्रेट वाजवून स्वर कानात घ्या, मग ओढा. ट्यूनरवर खात्री करा.

ए मायनर पेंटॅटॉनिक फक्त पाचव्या फ्रेटपाशीच येत असेल, तर तोच स्केल मानेवर इतर ठिकाणी वाजवायचे उरलेले चार आकार शिका, एका वेळी एकच.

बाहेरचं मोजमाप हवं असेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा तिसऱ्या ते पाचव्या ग्रेडचा अभ्यासक्रम पाहा. परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही.